तिसऱ्या वर्षी कोण बघणार?

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची चौकशी पुण्यात हिंजवडीजवळच्या मारुंजीत आता कुजबुजत होत नाही. सोसायटीच्या जिममध्ये होते, ऑफिसच्या बसमध्ये होते, गावठाणात चहाच्या टपरीवरही होते. भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना नितीन गडकरींनी २०११ मध्ये मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं आणि ते लपवलं नाही. मराठी घरांतला संकोच तेव्हापासून सैल झाला, असं मला वाटतं. विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. एक हिंजवडीच्या कंपन्यांत अमेरिकेच्या घड्याळावर काम करणारे, पस्तिशीतच साखरेची गोळी लागलेले. दुसरे इथलेच, जमीन टाउनशिपमध्ये गेल्यावर ज्यांचं शेतावरचं चालणं थांबलं आणि हाताखाली गाडी आली असे. दोघांचे प्रश्न मात्र तेच: खर्च किती, आणि कामावर कधी जाता येईल? दोन्हींची उत्तरं कोणताही दवाखाना पाच मिनिटांत देतो. ज्यावर सगळं ठरतं तो काळ या प्रश्नांच्या बाहेर राहतो. तो ऑपरेशनच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांचा आणि नंतरच्या अनेक वर्षांचा असतो.

आधी हे की आपल्याकडे कमी वजनातही आजार का जडतात. याचं उत्तर शोधणारं महत्त्वाचं काम पुण्यातच झालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा फोटोवजा लेख लिहिला. फोटोत दोन डॉक्टर शेजारी उभे होते, याज्ञिक स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिक यांच्या चमूने गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्यातही तेच दिसलं: बाळं वजनाला कमी, स्नायूंनी बारीक, पण चरबी राखून असलेली. म्हणून 'आमच्या घराण्यात सगळेच अंगानं असे आहेत, काही होत नाही' हे मुळशीतल्या घरातलं आवडतं वाक्य मला धोक्याचं वाटतं. देशभरातल्या पाहणीचे, म्हणजे आयसीएमआर-इंडियाबचे २०२३ मधले आकडे सांगतात की पोटाचा लठ्ठपणा जवळजवळ ४० टक्के प्रौढांत आहे आणि मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत.

याच कारणाने भारतीय शल्यचिकित्सकांनी ऑपरेशनची रेषा पाश्चात्त्यांपेक्षा खाली ओढली. अमेरिकेत १९९१ पासून बीएमआय ४०, किंवा सोबत आजार असेल तर ३५, असा नियम होता. आपल्याकडे बराच काळ ३७.५ आणि ३२.५ हे आकडे धरले गेले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी रेषा आणखी खाली आणली आणि आशियाई लोकांना २७.५ पासून ऑपरेशनचा पर्याय द्यावा असं म्हटलं. ही शेवटची सूट वाचून 'लग्न ठरवण्याआधी मुलीचं करून घेऊ' म्हणणाऱ्या आईबापांना मी एवढंच म्हणेन की मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, गुडघे, यकृत यांपैकी काही नसताना फक्त फोटोसाठी जठर कापून घेऊ नये.

विमा कंपनी मात्र जुन्याच रेषेवर उभी आहे. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये पॉलिसींची भाषा एकसारखी केली. त्यानुसार लठ्ठपणाचं ऑपरेशन मंजूर व्हायला वय १८ पूर्ण हवं, डॉक्टरांचा सल्ला हवा आणि बीएमआय ४० हवा. ३५ असेल तर हृदयविकार, झोपेतला तीव्र श्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह अशांपैकी काही हवं, आणि साधे उपाय करून झालेले हवेत. आता हिशेब करा. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ९० किलो असलेल्या मधुमेही माणसाचा बीएमआय येतो ३३. भारतीय निकषांनी तो ऑपरेशनला पात्र, विम्याच्या निकषांनी अपात्र. पात्र व्हायला त्याने आणखी पाच-सव्वापाच किलो वाढवायला हवेत! काहीजण खरोखर तसा सल्ला देतात. तो ऐकू नका. वाढलेल्या त्या किलोंतली चरबी यकृतावर बसते आणि यकृत सुजलं की ऑपरेशनच अवघड होतं. उलट कागद नीट ठेवा. आधी कोणत्या आहारतज्ज्ञांकडे गेलात, किती महिने, तेव्हाचं वजन किती, हे तारखेसकट हवं. आणि ऑपरेशनपूर्वीचा पातळ आहार सुरू करण्याआधी रुग्णालयाच्या काट्यावर वजन-उंचीची नोंद करून घ्या, नाहीतर काठावरचा माणूस पथ्य पाळून चार किलो उतरतो आणि मंजुरीच्या कागदात बीएमआय ३४.६ दिसतो. वैयक्तिक पॉलिसीत या ऑपरेशनसाठी प्रतीक्षेची काही वर्षं असतात. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ती अनेकदा नसतात, पण रकमेवर वेगळी मर्यादा असू शकते, तेव्हा एचआरला तोंडी न विचारता पॉलिसीचं पान मागून वाचा.

आता तयारी. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तहून इमान अहमद यांना मालवाहू विमानाने मुंबईत आणलं, वजन सुमारे ५०० किलो. सैफी रुग्णालयात डॉ. मुफज्जल लकडावाला यांनी त्यांची स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करण्याची, शस्त्रक्रिया केली ती ७ मार्चला. मधले साडेतीन आठवडे पातळ आहार, फिजिओथेरपी आणि शरीरातलं साठलेलं पाणी उतरवण्यात गेले. वर्तमानपत्रांनी क्रेन आणि पलंग दाखवला. वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचे होते ते हे आठवडे. पुढे मे महिन्यात नातेवाईक आणि रुग्णालय यांच्यातल्या वादानंतर त्यांना अबुधाबीला हलवलं आणि २५ सप्टेंबरला तिथे त्यांचं निधन झालं. इतक्या टोकाच्या रुग्णाची गोष्ट सामान्य माणसाला लागू नाही हे खरं, पण आधीच्या आठवड्यांचं तत्त्व लागू आहे. सकाळी ओपीडी आणि परवा ऑपरेशन असं जिथे सांगितलं जातं, तिथून उठून यावं.

तपासण्यांची यादी लांब असते: रक्त, थायरॉइड, हृदयाचा इको, पोटाची सोनोग्राफी. लोक ज्या दोन टाळायला बघतात त्याच महत्त्वाच्या आहेत. पहिली एन्डोस्कोपी. आपल्याकडे घरोघरी 'मला पित्ताचा त्रास आहे' असं म्हणत रोज सकाळी चहाआधी ॲसिडिटीची गोळी घेतात आणि डॉक्टरांनी विचारलं की 'औषध काही नाही' म्हणतात. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढू शकते, तेव्हा अन्ननलिकेला सूज किंवा मोठा हर्निया असेल तर बायपास या दुसऱ्या तऱ्हेच्या ऑपरेशनचा विचार करावा लागतो. ही गोळी लपवलीत तर ऑपरेशनच चुकीचं निवडलं जाईल. दुसरी झोपेची तपासणी. घोरणारा माणूस ऑफिसच्या बसमध्ये बसताक्षणी झोपतो, याला कष्टाची झोप समजू नका. श्वास अडकत असेल तर भूल देण्याआधी काही आठवडे रात्री सीपॅप मशीन लावून घेणं बरं. तंबाखू आणि सिगारेट निदान सहा आठवडे आधी बंद. मधुमेहाच्या 'फ्लोझिन' गटातल्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात आणि वजनाचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञाला सांगावंच लागतं, कारण त्याने जठर उशिरा रिकामं होतं.

शेवटचे दोन आठवडे पातळ, कमी उष्मांकाच्या आहाराचे. याला लोक शिक्षा समजतात आणि आदल्या शनिवारी 'शेवटची बिर्याणी' म्हणून पार्टी करतात. डाव्या बाजूचं यकृत जठरावर झाकणासारखं पसरलेलं असतं. ते चरबीने जड असेल तर सर्जनला उचलून धरताना रक्त येतं आणि जठराचा वरचा कोपरा दिसत नाही. दोन आठवड्यांत ते आक्रसतं, म्हणून हे पथ्य. तीन चेंडूंचं ते निळं-पांढरं प्लॅस्टिकचं यंत्र असतं ना, श्वास आत ओढून चेंडू वर धरायचे, त्याचा सरावही घरीच करून जावा. ऑपरेशननंतर पोट दुखत असताना ते शिकता येत नाही.

प्रत्यक्ष ऑपरेशन दुर्बिणीतून, तास-दीड तासाचं. स्लीव्हमध्ये तोंडातून बोटाच्या जाडीची नळी जठरात सोडतात आणि तिच्या कडेने टायटॅनियमच्या बारीक पिनांचा स्टेपलर चालवत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून बाहेर काढतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं नळकांडं, त्यात शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं. भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः ज्या वरच्या भागात तयार होतं तो भागही जातो, म्हणून सुरुवातीचे महिने भूकच लागत नाही. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून आतडं तिला वळवून जोडतात. अन्न कमी जातं आणि शोषणही कमी होतं. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एडवर्ड मेसन यांनी बायपासचा पाया घातला. तेव्हा पोट उभं चिरावं लागे. पुण्यात डॉ. शशांक शहा, डॉ. जयश्री तोडकर यांच्यासारख्यांनी दुर्बिणीतून हे काम वर्षानुवर्षं केलं आहे, त्यामुळे पिंपरी-चिंचवडच्या माणसाला मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. जीवाचा धोका आज पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या जवळपास आला आहे. शून्य मात्र नाही.

पहिल्या दहा-पंधरा दिवसांत भीती स्टेपलची रेघ झिरपण्याची आणि पायातल्या शिरेत रक्त गोठण्याची. म्हणून त्याच संध्याकाळी उठवून चालवतात आणि पोटावर रक्त पातळ करणारी इंजेक्शनं देतात. घरी आल्यावर एक गोष्ट आयटीवाल्यांच्या हातातच असते: घड्याळात नाडी दिसते. शांत बसलेले असताना ती १२० च्या वर राहिली, ताप आला, डावा खांदा दुखू लागला किंवा दम लागला, तर 'गॅस असेल' म्हणून ओवा खाऊन झोपू नका. आणि हे शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता झालं तर? हिंजवडीचा शिवाजी चौक आणि वाकडचा भूमकर चौक ज्याने त्या वेळी पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. ऑपरेशन औंध-बाणेरकडे किंवा शहरात असेल तर पहिला आठवडा त्या बाजूच्या बहिणीकडे, मित्राकडे राहावं, किंवा तातडीला कुठल्या जवळच्या रुग्णालयात जायचं हे सर्जनशी आधीच ठरवून ठेवावं.

खाण्याच्या पायऱ्या सगळीकडे सारख्या: आधी पाण्यासारखं पातळ, मग दाट पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी साधं जेवण. आपलं स्वयंपाकघर याला उत्तम आहे आणि कागदावर छापून मिळणाऱ्या सूप-ब्रोकोलीच्या तक्त्यांची काही गरज नाही. गाळलेलं ताक, मुगाचं कढण, नाचणीची आंबील, मग मऊ पिठलं, कुस्करलेलं पनीर, अर्धं उकडलेलं अंडं. अडचण प्रथिनांची. दिवसाला निदान ६० ग्रॅम हवीत. दोन पेले दूध म्हणजे १६ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीर म्हणजे १८, दोन वाट्या दाट वरण म्हणजे १२ च्या आसपास, वाटीभर दही ५. एवढं सगळं खाऊनही शाकाहारी माणूस पन्नाशीच गाठतो, आणि इथे तर एका वेळी चार-पाच चमच्यांत पोट भरतं. म्हणून पहिले काही महिने प्रोटीन पावडर लागतेच, त्यात कमीपणा नाही. ताटात आधी डाळ-पनीर-अंडं, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा पापुद्रा, हा क्रम ठेवायचा. पाणी जेवणाबरोबर नाही. अर्धा तास सोडून घोट-घोट, दिवसभरात दीड-दोन लिटर.

हा 'घोट-घोट' शब्द टेबलावर बाटली ठेवून बसणाऱ्याला सोपा आहे. चाकणच्या कारखान्यात लाइनवर उभं राहून काम करणाऱ्याला नाही. त्याला ठरलेल्या वेळीच सुट्टी मिळते आणि त्याच दहा मिनिटांत चहा, पाणी, लघवी सगळं उरकायचं असतं. घरून काम करण्याचीही सोय नाही, आणि महिना-सव्वा महिना जड उचलायचं नसतं. आहाराचे तक्ते लिहिणाऱ्यांनी या माणसाचा विचार केलेला मला क्वचितच दिसला. त्याने निदान सर्जनकडून हलक्या कामाचं लेखी पत्र घ्यावं आणि ते सुपरवायझरच्या हाती द्यावं.

घरच्यांचं प्रेम हा वेगळा विषय. 'अगं, एवढुसं खाऊन कसं चालेल, एक पोळी तरी घे' म्हणणारी सासू वाईट नसते, पण त्या एका पोळीने सून न्हाणीघरात उलटी करत बसते. उलट्या दोन दिवसांवर गेल्या तर मामला गंभीर. बी१ जीवनसत्त्व संपलं की मेंदूला इजा होते, आणि अशा वेळी जवळच्या दवाखान्यात आधी ग्लुकोजचं सलाइन लावलं तर ती वाढू शकते. 'माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, थायमिन आधी द्या' हे वाक्य रुग्णाला आणि घरातल्या आणखी एकाला पाठ हवं. बायपास झालेल्याने अंगदुखीला मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असली गोळी घेऊ नये, जोडावर व्रण होतो. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच आठवड्यात कमी कराव्या लागतात. जुना डोस चालू ठेवला तर साखर धाडकन उतरते.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. माणसं घाबरून तेलं बदलतात. बहुतेकांचे केस पुढे परत येतात. वेगाने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात म्हणून सहा महिने गोळी देतात, ती बंद करू नका. बायकांनी वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळावं. पीसीओएस असलेल्यांत वजन उतरताच पाळी सुरळीत होते आणि दिवस राहण्याची शक्यता एकदम वाढते, हे डॉक्टरांनी नवऱ्यासमोर सांगितलेलं बरं. दारूचं वेगळंच: तेवढ्याच पेगने आधीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, आणि जेवणाची जागा दारूने घेतल्याची उदाहरणं डॉक्टर सांगतात. ऑफिसच्या पार्टीनंतर 'एकच घेतली होती' म्हणून गाडी काढू नका.

वजन सर्वांत खाली येतं ते दीड वर्षाच्या सुमाराला. मग कौतुक ओसरतं, भूक परतते आणि खरी परीक्षा लागते. स्वीडनमध्ये चार हजारांवर लोकांना १९८७ पासून वर्षानुवर्षं बघितलं गेलं. ऑपरेशन झालेल्या गटात मृत्यूचं प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी निघालं, आणि या शस्त्रक्रियेची बाजू घ्यायला मला तेवढा पुरावा पुरतो. पण त्याच अभ्यासात बायपासवाल्यांचं वजन सुरुवातीला ३२ टक्के उतरून दहा वर्षांनी २५ टक्क्यांवर आलं. वजन परत येतं ते पुरणपोळीने फारसं नाही, ती वर्षातून दोनदा होते. येतं ते चहा-बिस्किटाने. चिवडा, फरसाण, बिस्किट तोंडात विरघळतं, अडत नाही, लहान पोटाला ते 'अन्न' वाटतच नाही. ऑफिसच्या मशीनचा गोड चहा दिवसातून पाच-सहा वेळा, त्याच्याबरोबर दोन बिस्किटं, आणि रात्रीच्या शिफ्टला मागवलेलं काहीतरी. उपवासही जपून: साबुदाणा चिकट, प्रथिनं नगण्य. आणि डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर नेलेला दोन वेळच्या जेवणाचा मार्ग अनेकांना मानवला असला, तरी ऑपरेशन झालेल्याने तो धरू नये. पंचावन्न मिनिटांच्या दोन बैठकांत या पोटात दिवसाची प्रथिनं बसत नाहीत.

मग इंजेक्शनंच का नकोत? मार्च २०२५ मध्ये मॉन्जारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आलं, आणि आता मारुंजीत अर्धी चौकशी त्यांचीच असते. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के, मॉन्जारोतल्या टिरझेपटाइडच्या मोठ्या डोसने २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरल्याचं चाचण्यांत दिसलं. हे थोडं नाही, आणि बीएमआय तिशीच्या आसपास असेल तर ऑपरेशनआधी याचाच विचार करावा असं माझं मत आहे. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर उतरलेल्या वजनातलं दोन-तृतीयांश वर्षभरात परत आलं. म्हणजे महिन्याचा खर्च कायमचा. बीएमआय ४० च्या वर असलेल्या, साखर हाताबाहेर गेलेल्या माणसाला ऑपरेशन अजूनही जास्त देतं. ऑपरेशननंतर वजन परत चढू लागलं तर ही इंजेक्शनं जोडीला वापरतात, तेव्हा दोन्हींकडे एकमेकांचे शत्रू म्हणून बघायचं कारण नाही.

सर्जन निवडताना म्हणून मी एकच प्रश्न आधी विचारायला सांगतो: तिसऱ्या वर्षी मला कोण बघणार? आहारतज्ज्ञ कायमचे आहेत की फक्त पॅकेजपुरते, फोन कोण उचलणार, दरवर्षीच्या तपासण्यांची आठवण कोण करून देणार. विमा ऑपरेशनचे पैसे देतो, पुढच्या रक्ततपासण्या आणि गोळ्या बहुधा खिशातून असतात, आणि इथली माणसं नोकरी बदलून बंगळूरला जातात तेव्हा फाइल पुण्यात राहते. डिस्चार्ज कार्डाचा फोटो, कुठलं ऑपरेशन झालं त्याचं नाव आणि सर्जनचा नंबर फोनमध्ये कायम असू द्या.

बी१२चा यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे त्याची उणीव दिसते ती सगळं छान चाललंय असं वाटत असताना: पायांना मुंग्या, विसरभोळेपणा, चढ चढताना दम. लोह आणि कॅल्शियमही असंच हळूहळू उतरतं. तुमचं ऑपरेशन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील आणि गोळ्या कधीतरी सुटल्या असतील, तर काटा काय दाखवतो ते बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइडसाठी रक्त देऊन या.